एकविसावी गाडी

नियम चौथा आणि नियम सातवा

"नव्या गाडीनं पहिलं वर्ष मयताशिवाय काही नेऊ नये. अन् बाईमानसानं मयत नेऊ नये. दोन्ही नियम हायेत, वहिनी. मी काही मनचं सांगून नाई राह्यलो."

प्रभाकररावांनी एवढं बोलून रजिस्टर मिटलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. दवाखान्याच्या गेटाबाहेरच्या टॅक्सी स्टँडचे ते अध्यक्ष. निवडून कोणी दिलं नव्हतं. रजिस्टर त्यांच्याकडे होतं, म्हणून अध्यक्ष.

"मंग मी काय नेऊ?" उज्वलानं विचारलं.

"तुमी उभ्या राहा ना. उभं राहाले कोनी मना केलं?"

रांगेतले आठ-दहा ड्रायव्हर हसले. उज्वलानं त्यांच्याकडे पाहिलं. दहा वर्षं पहाटेच्या भाजीबाजारात काढल्यामुळे माल पाहायची तिची एक पद्धत होती: पोत्यात हात घालायचा, वरचा थर बाजूला सारायचा आणि खालचं चाचपायचं. या माणसांना वरचा थरसुद्धा नव्हता. सगळा खालचाच माल.

स्टँडवर वीस गाड्या होत्या. तिची पांढरी, सात सीटची व्हॅन एकविसावी. सवारी आली की रांगेतली पहिली गाडी सुटायची, परतली की शेवटी लागायची. याला नंबर म्हणत. मयताला मात्र स्टँडवर मयत म्हणत नसत, जड सवारी म्हणत. दवाखाना मोठा, चार तालुक्यांतून माणसं यायची, बहुतेक बरी होऊन जायची, काही तशी जात नसत. शववाहिका एक, आणि ती नेमकी दुसरीकडे गेलेली असायची. मग नातेवाईक गेटाबाहेर येत. जुन्या ड्रायव्हरला अशी सवारी नको असायची. गाडी बाटते, गिऱ्हाईक बसत नाही. म्हणून ती नव्याच्या गळ्यात. नव्यानं वर्षभर तेवढंच वाहायचं, मग एक दिवस गाडी गोमूत्रानं धुवायची, साऱ्या स्टँडला तर्री-पोहे खाऊ घालायचे आणि साध्या रांगेत यायचं. वीसही जण असेच आलेले. सोसून झालं की प्रत्येकाला नियम आवडायला लागायचा.

सातवा नियम, बाईमाणसाचा, सोमवारी नव्हता. उज्वला सोमवारी विचारून गेली तेव्हा सहाच होते.

नियम पहिला (हा सरकारचा)

टॅक्सी चालवायला ड्रायव्हरला बिल्ला लागतो. बिल्ल्याला महाराष्ट्रातलं पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं.

उज्वला पांढुर्ण्याकडची. तिच्या माहेराहून कारंजा घाडगे पन्नासेक किलोमीटर. मधे सरहद्द आहे, हे तिला लहानपणी कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगण्यासारखं तिथं काही दिसायचंही नाही. अलीकडे कापूस, पलीकडे कापूस. घरात मराठी, दारात मराठी, पोळ्याला बैलांना शिव्या त्याही मराठी. लग्न करून ती पिपरी मेघेला आली त्याला सोळा वर्षं झाली होती. नवरा किशोर, सासू देवकाबाई, देवळी रस्त्यावर भाजीचं वावर. सोळा म्हणजे पंधरापेक्षा एक जास्त, म्हणून ती बिनधास्त ऑफिसात गेली.

खिडकीतल्या बाबूनं रेशनकार्ड उलटंसुलटं केलं.

"तुमचं नाव इथं चढलं चौदा वर्षांमागं."

"लग्न सोळा वर्षांमागं झालं."

"मग दोन वर्षं कुठं होत्या?"

"इथीच. वांगे तोडून राह्यली होती."

"पुरावा?"

पुरावा पांढुर्ण्याला होता आणि तो उलट बाजूचा होता. पोरीचं नाव लग्नाबरोबर माहेरच्या कार्डावरून काढत नसत, पहिलं मूल होईपर्यंत राहू देत. लौकर खोडलं तर पोरगी मेल्यासारखं दिसतं, असं तिच्या आईचं म्हणणं. तिकडे सगळ्याच आयांचं होतं. तेव्हा आईच्या मायेपोटी उज्वला लग्नानंतर दोन वर्षं मध्य प्रदेशातच गहू खात होती, असं महाराष्ट्र सरकारचं मत पडलं. तिनं आणखी एक वर्ष थांबावं, असंही पडलं.

ती थांबली. वर्षभर मालवाहू तीनचाकीतून वांगी, कोबी, सांभाराच्या जुड्या वाहिल्या. पाठीचा कणा गेला तरी चालेल पण वास्तव्य झालं पाहिजे.

वर्षानं परत गेली. तोच बाबू, तीच खिडकी. पोट तेवढं पुढं आलेलं. त्यानं वर न पाहता विचारलं, "मराठी आती है क्या?"

उज्वलानं कागद खिडकीतून आत सरकवले. मग म्हणाली, "मले येते. तुमाले हवी काय?"

पुढचे तीन महिने तिला त्या वाक्याची किंमत मोजावी लागली. डॉक्टरचा दाखला आणला तर शिक्का तिरपा होता. शिक्का सरळ आणला तर फोटोत डोक्यावर पदर होता. पदर काढला तर फोटो आणि आधारकार्ड जुळेना. चारित्र्य पडताळणीसाठी हवालदार घरी आला, त्यानं देवकाबाईंना विचारलं, सून कशी आहे. देवकाबाई पंधरा मिनिटं बोलल्या. सगळं ऐकून घेऊन त्यानं लिहिलं: चांगली. मग गाडी, गाडीची पासिंग, वेग बांधणारं यंत्र, धोक्याचं लाल बटण, जे दाबलं तर कुठं वाजतं ते ऑफिसातही कोणाला माहीत नव्हतं, चकाकणाऱ्या पट्ट्या, पिवळी पाटी, परमिट. सगळी कागदं तिनं एका जाड फायलीत लावली, एकेक पान प्लॅस्टिकच्या पिशवीत. लग्नाचा अल्बम एवढा जाड नव्हता.

सरकारचा नियम निदान लिहिलेला तरी होता. तो पार केल्यावर गेटाबाहेर प्रभाकरराव बसलेले होते.

बेचाळीस दिवस

आठ वाजता गाडी लावली. शेवटी.

साडेनऊपर्यंत नऊ गाड्या सुटल्या. तिच्या पुढं जागा झाली, ती पुढं गेली नाही. नियम.

अकराला एक बाई रडत गेटाबाहेर आली. जड सवारी. प्रभाकररावांनी तिला गावातल्या दुसऱ्या व्हॅनवाल्याचा फोन नंबर दिला. उज्वलाकडे पाहिलंही नाही.

बाराला डबा. दोनला ऊन फिरलं. चारला तानबानं, स्टँडवरच्या सगळ्यात म्हाताऱ्या ड्रायव्हरनं, खिडकीशी येऊन सांगितलं, "पोरी, हे लोक तुयी वाट पाहून राह्यले का तू कवा जातं. जाऊ नको."

"तुमी काऊन बोलत नाई मंग त्याइले?"

"मी म्हातारा मानूस. मायाच नंबर कापतीन."

हाही माल तिनं चाचपून बाजूला ठेवला.

सहाला घरी. हे एकदा नाही, बेचाळीस वेळा. दुसरीकडे जायची सोय नव्हती. रेल्वे स्टेशनवर वेगळी रांग आणि तिथं म्हणे दहा नियम. रस्त्यात कोणी हात दाखवला आणि तिनं गाडी थांबवली, तर मागून स्टँडच्या दोन गाड्या येऊन आडव्या लागत. एकदा लागल्या. सवारी घाबरून उतरून गेली.

घर

"दिवाळीपर्यंत पाहू," किशोर म्हणाला. "नाई त सीटा काढून टाकू. वांगे त जातीन बाजारात."

"सीटा काढल्या का परमिट जाते."

"जाऊ दे ना. गाडी त राहीन."

"परमिट गेलं का पुन्हा पहिल्यापासून. तोच बाबू."

"तुले कोन सांगतलं होतं पन मानसं वाहाले? वांग्याचं काय वाईट होतं?"

"वांग्याचं पोतं सोताहून उतरत नाई. मानूस उतरते."

किशोर हसला आणि कूस बदलून झोपला. किशोर वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता आलं असतं.

नियम नसलेला दिवस

दसऱ्याला सकाळी स्टँडवर वीस गाड्या धुतलेल्या, झेंडूच्या माळा घातलेल्या, चाकाखाली लिंबं. प्रभाकररावांनी कपाळभर कुंकू लावलं होतं. उज्वलानंही घरून गाडीची पूजा करून आणली होती. नारळ किशोरनं फोडला होता. त्याला फोडायला आवडतं.

दहाच्या सुमारास पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस गेटातून बाहेर आला. मागं स्ट्रेचर, स्ट्रेचरवर चादर, शेजारी एक म्हातारी उन्हात उभी. माणूस पहिल्या गाडीशी गेला.

"काका वारले. कारंज्याच्या पुढं न्या लागते, सात किलोमीटर."

"आज दसरा हाय, भाऊ."

दुसऱ्या गाडीशी गेला. आज दसरा हाय. तिसऱ्या. आताच पूजा केली ना गाडीची. चौथ्या. तो विसाव्या गाडीपर्यंत गेला. प्रत्येक वेळी त्यानं तेच वाक्य पहिल्यापासून म्हटलं, जसं मागच्यानं ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या व्हॅनवाल्यानं फोन उचलला नाही. शववाहिका अमरावतीकडे गेली होती.

मग प्रभाकरराव उठले आणि बेचाळीस दिवसांत पहिल्यांदा एकविसाव्या गाडीपर्यंत चालत आले.

"उज्वलाताई," ते म्हणाले. काल वहिनी होती. "तुमचा नंबर लागला."

"सातवा नियम?"

"मानुसकी म्हनून काही असते का नाई?"

"किती नंबरचा नियम हाय तो?"

प्रभाकररावांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी हसलं नाही. पुतण्या हात जोडून दोघांच्या मधे उभा होता. म्हातारीनं चादरीचं टोक उडू नये म्हणून धरून ठेवलं होतं.

"रजिस्टर आना," उज्वला म्हणाली. "माह्या देखत लिहा. एकवीस, उज्वला, साधी रांग, उद्यापासून. सही करा. तारीख टाका."

"ताई, येऊन लिहू ना. मयत उन्हात हाय."

"मी पन होतीच ना उन्हात. आना."

रजिस्टर आणायला, पेन शोधायला, पेन चालेना म्हणून दुसरं शोधायला पाच मिनिटं गेली. त्या पाच मिनिटांत उज्वलानं स्ट्रेचरकडे पाहिलं नाही. आपण पाहत नाही आहोत हे तिला कळत होतं. प्रभाकररावांनी लिहिलं, सही केली, तिनं वाचलं, मग गाडीचं मागचं दार उघडलं.

मागची सीट आडवी करायला तानबा आला. "डोकं मांगच्या अंगाले नको ठेवू, पुढच्या अंगाले ठेव. दचके कमी बसतेत. काच थोडी खाली ठेवजो." त्यानं माळेतला एक झेंडू ओढून काढला, मग पुन्हा खोचला. "मी पहिल्या वर्षी अकरा नेले. याच गाडीत. दोन-तीन दिवस झोप येत नाई. मंग येते."

तपासणी

पुतण्या लाकडं सांगायला मोटरसायकलनं पुढं गेला. गाडीत तिघं: उज्वला, ती म्हातारी आणि चादरीखालचा तो. म्हातारी मधल्या सीटवर न बसता मागं खालीच बसली, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. तिचं नाव तानाबाई. आर्वीनंतर ती म्हणाली, "हळू चालवजो, बाई. याइले गाडी लागते." मग चादर नीट केली.

रस्त्यात ठिकठिकाणी कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुड्या, ट्रॅक्टरला माळा, गावागावात पोरं नव्या कपड्यांत. उज्वलाच्या डोक्यात मात्र रजिस्टर होतं. एकवीस, उज्वला, साधी रांग. तिला त्या वेळी फार बरं वाटत होतं, आणि पाठीमागं काय आहे ते आठवलं की बरं वाटणं थोडा वेळ थांबायचं. मग परत सुरू.

कारंज्याजवळ, महामार्गाला लागताना, ढाब्यांच्या अलीकडे नाकाबंदी होती. सणाचा दिवस. तरणा पोलीस, कानामागं आपट्याचं पान खोचलेलं. त्यानं पिवळी पाटी पाहिली, मग ड्रायव्हरच्या जागी बाई पाहिली आणि हात वर केला.

"परमिट आहे का? का असंच?"

कागदं. जाड फाईल तिनं सीटखालून काढली. गाडी घेतल्यापासून ही कागदं कोणी मागितली नव्हती. त्या फायलीत एक वर्ष थांबणं होतं, तिरपा शिक्का होता, पदराचा फोटो होता, देवकाबाईंची पंधरा मिनिटं होती. तिनं ती त्याच्या हातात दिली. त्यानं पहिलं पान उलटलं आणि तेवढ्यात त्याची नजर मागच्या सीटवर गेली.

"काय आहे ते?"

"मयत."

तो एक पाऊल मागं सरकला आणि फाईल खिडकीतून आत ढकलली. "जा, जा. निघा."

"पाहा ना, साहेब."

"पाहिलं. जा."

"नाई पाह्यलं तुमी. पहिलंच पान पाह्यलं. पंधरा वर्साचा दाखला मांगं हाय. बिल्ला पाहा. पासिंग पाहा. मले असंच म्हनलं ना तुमी? असंच नाई हाय."

मागं ट्रकनं हॉर्न वाजवला. पोलिसानं इकडेतिकडे पाहिलं. नाकाबंदीवरचे बाकीचे दोघे चहा पीत होते. बाई ओरडत नव्हती, पण खिडकीतून फाईल धरलेला हात मागं घेत नव्हती. त्यानं पान उलटलं. दुसरं. तिसरं. वाचल्यासारखं केलं. उज्वला बोटानं दाखवत गेली: हे पाहा, अन् हे. तिचा आवाज शांत होता आणि तिला तो स्वतःलाच अनोळखी वाटला. सातव्या-आठव्या पानाला मागून तानाबाईचा आवाज आला.

"बाई, चाल ना व. माशा बसून राह्यल्या."

उज्वलानं आरशात पाहिलं. तानाबाईनं पदर सोडवून नवऱ्याच्या तोंडावरून फिरवायला घेतला होता. एका लयीत, इकडून तिकडे. सकाळपासून स्ट्रेचरशीसुद्धा ती हेच करत असणार. उज्वलानं फाईल ओढून घेतली, पायाशी टाकली आणि गाडी काढली. पुढचे सात किलोमीटर तिला आरशात पाहवलं नाही. प्रभाकररावांना, बाबूला, किशोरला आणि साऱ्या स्टँडला तिनं इतके दिवस ज्या नजरेनं पाहिलं होतं, त्याच नजरेत आता एक माणूस वाढला होता आणि तो गाडी चालवत होता.

गावात अंगणभर माणसं उभी होती. चौघांनी तानाबाईच्या नवऱ्याला उतरवलं. एका बाईनं तांब्यातून उज्वलाच्या हातावर पाणी घातलं, कडुनिंबाचं पान चावायला दिलं. अंत्यविधीला आलेल्या घरच्यांना देतात तसं. कोणी विचारलं नाही की बाईमाणूस कसं काय आलं. त्यांना तेवढा वेळ नव्हता.

निघताना तानाबाई गाडीपर्यंत आली.

"तुयं नाव काय व?"

"उज्वला."

"याइचं अन्नाजी. पानी लय चांगलं द्यायचे वावराले. लोकं रात्री बोलवाले येत." तिला आणखी काही सांगायचं होतं, पण घरातून तिला हाक आली.

"मावशी," उज्वला म्हणाली, "मघा मी..."

"जा बाई. सन हाय. तुये लेकरं वाट पाहत असतीन."

साधी रांग

दुसऱ्या दिवशी उज्वला पहाटे साडेपाचला स्टँडवर होती. बाजाराची सवय. सकाळी रांग येईल तशी लागायची. तिची गाडी पहिली लागली. गाडी तिनं धुतली होती, साध्या पाण्यानं. गोमूत्र देवकाबाईंनी काढून ठेवलं होतं, ते तिनं तुळशीत ओतलं. मागून तानबा आला, दुसरा. मग बाकीचे, दसऱ्याच्या जागरणानं डोळे सुजलेले. प्रभाकरराव आले, रजिस्टर उघडलं, आपलीच सही पाहिली आणि मिटलं.

साडेआठला देवळीची सवारी आली. नवरा, बायको, बायकोच्या कुशीत पाच दिवसांचं लेकरू, आणि एक आजी, हातात औषधांची पिशवी घेऊन. नवरा पहिल्या गाडीशी आला. उज्वला उतरून दार उघडणार, तेवढ्यात प्रभाकररावांनी त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. आवाज खाली ठेवला होता, पण ऐकू जाईल इतकाच.

"तिचा नंबर हाय, मी नाई म्हनत नाई. पन काल त्या गाडीत मयत होतं. तुमच्याजवळ तान्हं लेकरू. मी आपलं सांगून देलं. मांगची गाडी पाहा, तानबाभाऊची. साफ हाय."

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं लेकराच्या तोंडावर फडकं ओढलं आणि दोन पावलं मागं गेली.

उज्वलानं दार पूर्ण उघडलं.

"बरोबर बोलून राह्यले ते," ती म्हणाली. "काल होतं माह्या गाडीत. एक. तानबाभाऊच्या गाडीत अकरा होते. इचारा. याच गाडीत."

तानबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता.

"गाडी बदलली काय, तानबाभाऊ?"

"नाई," तानबा म्हणाला. "तेच हाय."

"त्याच्या मांगची पाहा. त्याच्या मांगची. वीसच्या वीस गाड्या पहिलं वर्स हेच वाहून आल्या. अध्यक्षाचा नियम हाय, चौथा. अध्यक्षाची तेथी उभी हाय, सातवी. तिच्यात किती झाले ते तेच सांगतीन."

प्रभाकररावांनी नवऱ्याचा दंड सोडला. रांगेत एक दार जोरात लागलं. कोणी तरी म्हणालं, धंदा बुडवून राह्यली ही बाई. ते खरं होतं. एवढ्या वर्षांत गिऱ्हाईकासमोर ही गोष्ट कोणी काढली नव्हती. ती झाकून ठेवणं हीच तर स्टँडची खरी कमाई होती.

नवरा, बायको आणि लेकरू दोन गाड्यांच्या मधे उभे राहिले. देवळीची बस दहाला होती. ऊन चढायला लागलं होतं.

आजी मात्र पुढं आली. गाडीत डोकावली. सीटवर हात फिरवला.

"कोन होतं?"

"अन्नाजी. कारंज्याच्या पुढचे."

"म्हातारे?"

"हो. गाडी लागायची त्याइले. मांडीवर डोकं घेऊन आनलं बायकोनं."

"काय करे?"

"वावरं भिजवाचे. लोकं बोलवाले येत म्हने."

आजीनं मान हलवली. मग तानबाकडे वळली. "अन् तुया गाडीत कोन कोन होते, बापू?"

तानबानं स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. "नावं नाई इचारले, माय," तो म्हणाला.

आजीनं पिशवी उज्वलाच्या गाडीत ठेवली आणि पाय वर घेतला. "चाल व," ती सुनेला म्हणाली. "इथी निदान कोन होतं ते त मालूम हाय."

नवरा पुढं बसला. सून सगळ्यात शेवटी चढली. उज्वलानं गाडी काढली तेव्हा प्रभाकररावांनी रजिस्टर उघडलं की नाही, तिनं पाहिलं नाही. तिला ते पाहायचं होतं, पण नाही पाहिलं.

देवळीचा रस्ता बरा होता. जिथं खड्डे होते तिथं तिनं गाडी पायी चालल्यासारखी नेली. आजी सीटवर ऐसपैस बसून पाच मिनिटांत घोरायला लागली. लेकरू झोपलं होतं. उज्वलानं आरशात पाहिलं: सून सीटच्या अगदी कडेला बसली होती, पाय घट्ट रोवून, पाठ ताठ, बाळंतपणाला पाच दिवस झालेली बाई. एका हातानं लेकरू छातीशी आणि दुसऱ्या हातानं पुढच्या सीटचा दांडा धरलेला.

"टेका ना, ताई," उज्वला म्हणाली. "धुतली हाय."

"असू द्या. बरी हाय मी."

देवळी येईपर्यंत तिनं पाठ टेकली नाही.